प्रतिपिंडाच्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी?

मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या विकाराबद्दल डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी एक हिशेब पाठ केलेला आहे. प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश आपोआप बरे होतात, एक तृतीयांशांच्या लघवीतून वर्षानुवर्षे प्रथिने जात राहतात पण मूत्रपिंड तग धरते, आणि उरलेल्या एक तृतीयांशांचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातला पेच खरा आहे. सर्वांनाच प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली, तर ज्यांना त्यांची गरज नव्हती त्यांच्याही पदरात जंतुसंसर्गाचा, आणि काही औषधांच्या बाबतीत वंध्यत्वाचा व कर्करोगाचा, धोका पडतो. कोणालाच दिली नाहीत, तर ज्यांचे मूत्रपिंड वाचवता आले असते तेही डायलिसिसपर्यंत पोहोचतात. समोर बसलेला रुग्ण या तीन वाट्यांपैकी कोणत्या वाट्यातला, हे निदानाच्या दिवशीच कळावे अशी इच्छा म्हणूनच फार जुनी आहे. ती पुरी करण्याचे साधन मात्र लघवीतील प्रथिनांचे मोजमाप आणि थांबून वाट पाहणे एवढेच होते.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या साधनांत रक्ततपासणीची भर पडली. शरीराने स्वतःच्याच ऊतींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे स्वप्रतिपिंडे, रक्तात आहेत का आणि असल्यास किती आहेत, हे आता आकड्यात सांगता येते. त्या आकड्यावरून कोणाची बायोप्सी करायची, कोणाला महागडी औषधे द्यायची, कोणाची थांबवायची आणि कोणाचे प्रत्यारोपण पुढे ढकलायचे, असे निर्णय होऊ लागले आहेत. हे निर्णय एकेका डॉक्टरच्या मर्जीवर राहत नाहीत. उपचारांच्या मार्गदर्शिका लिहिणाऱ्या समित्या आणि औषधांचा खर्च मंजूर करणाऱ्या यंत्रणा त्यांचे नियम बनवतात, आणि म्हणूनच हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

माझे म्हणणे असे आहे की प्रतिपिंडाची पातळी हल्ल्याचा जोर सांगते. मूत्रपिंडाने आजवर किती गमावले आणि आणखी किती सोसायची त्याची ताकद आहे, हे ती सांगत नाही. पाऊस किती पडतो आहे हे मोजता आले म्हणून बंधाऱ्याची भिंत आतून किती खचली आहे हे कळत नाही, तसेच हे आहे. काही रोगांत शेवट पावसावर ठरतो, काहींत भिंतीवर. त्यामुळे ‘प्रतिपिंड वाढले, उपचार वाढवा’ असा सरसकट नियम चुकीचा आहे, आणि ‘प्रतिपिंडांचे आकडे निरुपयोगी आहेत’ हा काही जुन्या जाणत्यांचा निकालही तितकाच चुकीचा आहे. आकडा पाहून निर्णय घेतल्याने रुग्णाचे भले होते, हे प्रत्येक रोगात स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवे, आणि ही कसोटी फार थोड्या ठिकाणी पार पडली आहे.

प्रतिपिंडे रोगाचे कारण असतात की नुसती खूण, या शंकेचे उत्तर काही रोगांत खणखणीत मिळाले आहे. १९६७ मध्ये लर्नर, ग्लासॉक आणि डिक्सन यांनी रुग्णांच्या मूत्रपिंडांना चिकटलेली प्रतिपिंडे वेगळी काढून माकडांना टोचली, तेव्हा माकडांच्या मूत्रपिंडातही तोच दाह उमटला. २००२ मध्ये देबिएक, रोन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेले बाळ त्याहून बोलके आहे. त्याच्या आईच्या शरीरात न्यूट्रल एंडोपेप्टिडेझ हे प्रथिनच नव्हते. गर्भातून आलेले हे प्रथिन परके वाटून तिच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, ती वारेतून बाळापर्यंत पोहोचली आणि बाळ मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी घेऊनच जन्माला आले. मग २००९ मध्ये बेक आणि सॅलंट यांच्या गटाने मोठ्या माणसांतील रोगाचे लक्ष्य शोधले. मूत्रपिंडाच्या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावरील फॉस्फोलिपेझ ए-टू रिसेप्टर, म्हणजे पीएलएटूआर, या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे प्राथमिक मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडली. आज या तपासणीला जे वजन आले आहे ते या शोधामुळे.

येथे एक गफलत सहज होते. जे कारण आहे ते भविष्यही सांगेल, असे आपण धरून चालतो. पण कारण असणे हा एक गुण आहे आणि भाकीत वर्तवता येणे हा दुसरा. हे दोन्ही गुण एकाच प्रतिपिंडात किती प्रमाणात एकत्र येतात, ते एकेका रोगात पाहावे लागते.

पीएलएटूआरच्या बाबतीत ते बऱ्यापैकी एकत्र आले आहेत. पातळी कमी असलेले रुग्ण आपोआप बरे होण्याची शक्यता अधिक असते आणि खूप जास्त असलेल्यांत ती कमी. नेहमीच्या एलायझा पद्धतीत एका मिलिलिटरमागे २० एककांच्या वरचा निकाल सकारात्मक मानतात, १४ ते २० मधला संशयास्पद. आणि केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने ५० एककांहून अधिक पातळी ही वाढत्या जोखमीची एक खूण म्हणून धरली. माझ्या मते मात्र या तपासणीचे खरे मोल पहिल्या आकड्यात नाही, लागोपाठच्या आकड्यांत आहे. उपचार लागू पडले की प्रतिपिंडे आधी उतरतात आणि लघवीतील प्रथिने त्यानंतर काही महिन्यांनी. हा विलंब समजण्यासारखा आहे, कारण हल्ला थांबला तरी गाळणीवर साचलेले थर निघून जायला आणि पोडोसाइटांची विस्कटलेली रचना सावरायला वेळ लागतो. ही तपासणी हाती नव्हती तेव्हा डॉक्टरला फक्त प्रथिने दिसत. सहा महिन्यांनीही ती तशीच दिसली की औषध लागू पडले नाही असे समजून दुसरे, अधिक जहाल औषध सुरू होई, आणि प्रत्यक्षात पहिल्याने आपले काम केव्हाच केलेले असे. आज प्रतिपिंडे नाहीशी झालेली दिसली तर थांबता येते. जे औषध द्यावे लागले नाही त्याची नोंद कोणत्याही यशोगाथेत होत नाही, पण या तपासणीने रुग्णांना दिलेली सर्वांत मोठी देणगी बहुधा तीच आहे.

आणि नेमक्या याच रोगात आकड्याची मर्यादाही स्वच्छ दिसते. प्रतिपिंडे शून्यावर येऊन वर्ष उलटले तरी काही रुग्णांच्या लघवीतून प्रथिने जातच राहतात. येथे हल्ला संपलेला आहे, पण गाळण्यांत व्रण पडले आहेत, आणि व्रणावर प्रतिकारशक्ती दडपणारे औषध चालत नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, गाळणीवरील दाब उतरवणारी औषधे देणे, उरलेले जपणे एवढेच करता येते. उलट बाजूने, रोगाच्या सुरुवातीला पातळी शून्य दिसूनही बायोप्सीत पीएलएटूआरचे थर सापडू शकतात, कारण तयार होणारी प्रतिपिंडे आधी मूत्रपिंडच शोषून घेते आणि रक्तात उरण्याइतकी ती शिल्लक राहत नाहीत. म्हणजे एकच नकारात्मक निकाल रोगाच्या उंबरठ्यावरही येऊ शकतो आणि रोग सरल्यानंतरही. दोहोंतला फरक तारखेवरून आणि बायोप्सीवरून कळतो, आकड्यावरून कधीच नाही. शिवाय जवळपास ३० टक्के रुग्णांत हे प्रतिपिंड नसतेच. त्यांतल्या काहींत २०१४ मध्ये सापडलेले टीएचएसडीसेव्हनए हे लक्ष्य असते, काहींत इतर, आणि या इतरांपैकी काही लक्ष्ये शरीरात लपलेल्या कर्करोगाकडे बोट दाखवतात. ‘पीएलएटूआर नकारात्मक’ हा शेरा दिलासा म्हणून वाचणे म्हणूनच धोक्याचे आहे.

बायोप्सीचा वाद येथूनच निघतो. त्याच २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून भरपूर प्रथिने जाऊन अंगावर सूज येणे) असलेल्या आणि पीएलएटूआर प्रतिपिंडे सकारात्मक असलेल्या रुग्णात निदानाची खात्री करण्यासाठी बायोप्सीची सक्ती नाही. मूत्रपिंडाचे कार्य शाबूत असेल तर मला हे पटते. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढताना रक्तस्रावाचा धोका असतो आणि जे रक्तातून कळते त्यासाठी तो पत्करण्यात अर्थ नाही. पण ही सवलत निदानापुरती आहे, भाकितासाठी नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साचणारा पदार्थ, आधीच वाढलेले असेल तर व्रण किती, जिवंत ऊती किती, दुसरा एखादा रोग सोबत आहे का, हे सांगणारी दुसरी चांगली सोय आपल्याकडे नाही. निदानासाठी बायोप्सी लागत नाही, या वाक्यातला ‘निदानासाठी’ हा शब्द तोंडी सांगताना गळून पडतो, आणि मग बायोप्सी लागतच नाही अशी समजूत पसरते.

आता अगदी दुसऱ्या टोकाचा रोग पाहू. अँटी-जीबीएम रोगात प्रतिपिंडे गाळणीच्या आधारपटलातील चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनवर, त्याच्या अल्फा-थ्री साखळीच्या टोकावर, हल्ला करतात. १९६७ चा माकडांवरील प्रयोग याच प्रतिपिंडांचा. कारण म्हणून त्यांच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच दुसऱ्या कोणा स्वप्रतिपिंडाविरुद्ध असेल. भाकिताच्या बाबतीत मात्र त्यांना क्रिएटिनिनच्या मागे बसावे लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ७१ रुग्णांच्या दीर्घ अनुभवात, प्लाझ्मा बदल आणि औषधे असे पूर्ण उपचार मिळूनही शेवट ठरला तो रुग्ण दारात आला तेव्हाच्या मूत्रपिंडाच्या अवस्थेवरून. ज्यांचे क्रिएटिनिन एका डेसिलिटरमागे ५.७ मिलिग्रॅमच्या खाली होते त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांचे मूत्रपिंड वर्षभरानंतर चालू होते. त्याच्या वर, पण तातडीने डायलिसिस लागला नव्हता, अशांत ८२ टक्क्यांचे. आणि आल्याआल्या डायलिसिस लागलेल्यांत फक्त ८ टक्क्यांचे. या रोगात काही दिवसांचा उशीर सगळे ठरवतो. प्रतिपिंडांची तपासणी तातडीने व्हायला हवी ती निदानासाठी. आकडा दोनशे आहे की चारशे यावर चर्चा करत बसण्यात जो वेळ जातो तो मूत्रपिंडाच्या खात्यातून जातो. उपचारांनी प्रतिपिंडे धुऊन निघाली की ती सहसा परत येत नाहीत, हाही या रोगाचा विशेष, आणि पुढच्या रोगाशी ताडून पाहिल्यावर तो अधिक ठसतो.

अँका-संबंधित रक्तवाहिनीदाहात प्रतिपिंडांची (त्यांनाच अँका म्हणतात) लक्ष्ये मूत्रपिंडात नसून पांढऱ्या पेशींत असतात: एक मायलोपेरॉक्सिडेझ, म्हणजे एमपीओ, आणि दुसरे प्रोटिनेझ-थ्री, म्हणजे पीआर-थ्री. येथे ‘किती’ या प्रश्नापेक्षा ‘कोणते’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरला आहे. पीआर-थ्री असलेल्यांत रोग उलटण्याची शक्यता अधिक असते. एमपीओ असलेल्यांत रोग पुष्कळदा मूत्रपिंडापुरता राहतो, उशिरा ओळखला जातो आणि निदान होते तेव्हा व्रण पडून गेलेले असतात. २०१२ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासातही रोगाच्या पारंपरिक नावांपेक्षा प्रतिपिंडाच्या प्रकाराशी जनुकांचे नाते घट्ट निघाले. प्रतिपिंडाचा प्रकार पाहून रोगाचे वर्गीकरण करावे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने माझे मत आहे. प्रकार सहसा बदलत नाही, एकदा नीट तपासला की पुरतो, आणि देखभालीचे उपचार किती काळ चालवायचे याचा विचार करताना त्याचा खरोखर उपयोग होतो.

पातळीचे मात्र तसे नाही. अँका वाढला म्हणून रोग उलटेलच असे होत नाही, आणि पातळी न वाढताही तो उलटतो. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर वाढ आणि पुनरावृत्ती यांचा संबंध आहे, पण माफक. २०१५ च्या एका अभ्यासात तो मूत्रपिंड बाधित असलेल्या रुग्णांत बराच ठळक दिसला आणि इतरांत फिका, हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण संबंध दिसणे आणि त्यावरून निर्णय घेणे शहाणपणाचे ठरणे, यांतले अंतर मोजण्याचे काम एका फ्रेंच चाचणीने केले, आणि तिच्याबद्दल मला विशेष आदर आहे. मेनरिटसान-टू या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटाला रिटक्सिमॅब, म्हणजे प्रतिपिंडांचा उगम असलेल्या बी-पेशी नष्ट करणारे औषध, ठरलेल्या वेळापत्रकाने दिले. दुसऱ्याला अँका पुन्हा दिसू लागला किंवा लक्षणीय वाढला, अथवा रक्तातील बी-पेशी परतल्या, तरच. २८ महिन्यांत पहिल्या गटात ८ जणांचा रोग उलटला, दुसऱ्यात १४ जणांचा. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. औषधाच्या फेऱ्या मात्र ३८१ विरुद्ध २४८ अशा कमी झाल्या. याचा अर्थ कसा लावायचा? औषध वाचले हे खरे. संरक्षण तेवढेच राहिले असे छातीठोकपणे सांगता येत नाही हेही खरे. आकडा पाहून ठरवणाऱ्या पद्धतीचे गुणदोष असे तागडीत घालून पाहता येतात, एवढे या चाचणीने दाखवले. बाकीच्या रोगांत आपण अजून तागडीच बांधलेली नाही.

ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते त्या रोगात, प्रश्न सर्वांत नाजूक होतो. डीएनएविरोधी प्रतिपिंडांचे वर्णन १९५७ सालचे. म्हणजे हे या सगळ्यांतले जुने प्रतिपिंड, आणि त्याबद्दलचे वादही तितकेच जुने. अमेरिकी सैन्यदलाने साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांचा वापर करून २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात, पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच कोणते ना कोणते स्वप्रतिपिंड होते, काहींच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधीपासून. भाकिताच्या समर्थकांना हा अभ्यास फार आवडतो. मला त्यातून उलटीही एक गोष्ट दिसते: ही माणसे इतकी वर्षे प्रतिपिंडे अंगात बाळगून धडधाकट होती. रक्तात डीएनएविरोधी प्रतिपिंडे भरपूर आणि लघवी स्वच्छ, असे रुग्ण ल्युपसच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात भेटतात. त्यांना रोगी म्हणायचे, की रोगाच्या वाटेवरचे, की नुसते वेगळ्या रक्ताचे?

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. ल्युपसच्या दाहाचा प्रत्येक उद्रेक मूत्रपिंडातल्या काही गाळण्या कायमच्या घेऊन जातो. लघवीत प्रथिने दिसेपर्यंत थांबणे म्हणजे ती किंमत मोजल्यावर हालचाल करणे. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील एका छोट्या चाचणीत, डीएनएविरोधी प्रतिपिंडे वाढताच, लक्षणांची वाट न पाहता, काही रुग्णांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड वाढवून दिले, आणि त्यांच्यात उद्रेक स्पष्टपणे कमी झाले. चाचणीत रुग्ण अवघे ४६ होते. तीस वर्षे होत आली तरी ही पद्धत सर्वमान्य झालेली नाही, याचे कारण डॉक्टरांचा आळस नाही. उद्रेक टळला तो स्टेरॉइड वाढवल्यामुळे, आणि ज्यांना उद्रेक होणारच नव्हता त्यांनीही ते स्टेरॉइड घेतले. त्याचे हाडांवर, साखरेवर आणि रक्तवाहिन्यांवर होणारे परिणाम दहा-पंधरा वर्षांनी उगवतात, चाचणी संपल्यावर. म्हणून ल्युपसमध्ये वाढता आकडा हे लघवीची तपासणी लवकर आणि वारंवार करण्याचे कारण आहे, असे मी मानतो. औषध वाढवण्याचे ते पुरेसे कारण नाही, निदान स्टेरॉइडच्या बाबतीत तरी नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधे अंकगणित आहे. समजा, रोग शांत असलेले १०० रुग्ण आहेत आणि त्यांतल्या २० जणांचा रोग वर्षभरात उलटणार आहे. या २० पैकी १५ जणांत आधी प्रतिपिंडे वाढतात. उरलेल्या ८० पैकी ३० जणांतही ती वाढतात, पण पुढे काही होत नाही. शोधनिबंधात हा संबंध निःसंशय ‘महत्त्वपूर्ण’ ठरेल, कारण वाढ झालेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण एक तृतीयांश आहे आणि न झालेल्यांत अकरांत एक. पण वाढ झालेल्या ४५ जणांना औषध दिले तर ३० जणांना ते विनाकारण मिळेल, आणि न वाढलेल्यांतले ५ जण बेसावध राहतील. आकडे मी मांडणीसाठी घेतले आहेत; मुद्दा असा की समूहाबद्दलचे खरे विधान एकेका माणसाबद्दल दोन-तृतीयांश वेळा खोटे ठरू शकते. औषध सौम्य आणि स्वस्त असेल तर हा सौदा परवडेल. जहाल असेल तर नाही. म्हणजे तपासणी किती चांगली आहे हे तिच्यापाठोपाठ येणाऱ्या औषधावरही अवलंबून असते, आणि भाकिताच्या शोधनिबंधांत या औषधाचा बहुधा उल्लेखही नसतो.

मोजणीच्या कटकटी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्या कंटाळवाण्या आहेत. पण त्यांच्यामुळे होणारे नुकसान कंटाळवाणे नाही. एकाच रक्ताचा डीएनएविरोधी प्रतिपिंडांचा निकाल ‘फार’ (Farr) नावाच्या पद्धतीने एक येतो, एलायझाने दुसरा आणि क्रिथिडिया या एकपेशीय जीवावर केलेल्या चाचणीत तिसरा. रुग्ण प्रयोगशाळा बदलतो, यंत्र बदलते, एकके बदलतात, आणि फाइलमध्ये आकडे एकाखाली एक असे लिहिले जातात की जणू ते एकाच मापाने मोजले आहेत. ८० वरून १४० म्हणजे वाढ, असे कोणीही म्हणेल. पहिला आकडा कोणत्या पद्धतीचा होता हे विचारणारा विरळा. अहवालावर पद्धत, एकक आणि त्याच प्रयोगशाळेतील मागचा निकाल छापणे बंधनकारक करायला फार मोठे संशोधन लागत नाही.

हे सगळे आत्ता मांडण्याचे कारण म्हणजे नवी प्रतिपिंडे रांगेत उभी आहेत. नेफ्रिन हे प्रथिन १९९८ मध्ये ओळखले गेले ते फिनलंडमध्ये अधिक आढळणाऱ्या एका जन्मजात रोगाच्या शोधात. पोडोसाइटांच्या पायांमधली जाळी त्यातून विणलेली असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, रोग जोरात असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे न घेतलेल्या रुग्णांपैकी, मिनिमल चेंज या नेफ्रोटिक सिंड्रोम घडवणाऱ्या विकाराच्या ६९ टक्के प्रौढांत आणि नेफ्रोटिक सिंड्रोमच्या ९० टक्के मुलांत नेफ्रिनविरोधी प्रतिपिंडे आढळली. पन्नास वर्षे ज्या रोगाचे कारण चाचपडत शोधले जात होते त्यात हा मोठा उजेड आहे. त्यामुळेच मला धास्ती वाटते की पीएलएटूआरची यशोगाथा जशीच्या तशी येथे डकवली जाईल. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये बहुतेकांना स्टेरॉइड लागू पडते आणि त्याचे उत्तर काही आठवड्यांत मिळते. तेथे प्रतिपिंडांचा आकडा कोणता निर्णय बदलणार, हे आधी ठरायला हवे. स्टेरॉइड थांबवल्यावर रोग उलटणार का, प्रत्यारोपणानंतर नव्या मूत्रपिंडात तो परत येणार का, असे प्रश्न त्याला विचारता येतील, आणि ते विचारण्याजोगे आहेत. आयजीए नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आणखी एका रोगात, गॅलॅक्टोज ही साखर उणे असलेल्या आयजीए-वन या प्रतिपिंडाविरुद्धचीच प्रतिपिंडे रोगाच्या गतीशी जोडलेली दिसून बरीच वर्षे झाली; तरीही रोजच्या व्यवहारात डॉक्टर लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि बायोप्सीतील व्रण यांवरच चालतात, आणि आज तरी त्यांचे बरोबर आहे.

सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संशोधनसंस्थांनी येथे लक्ष घालावे असे मला वाटते ते याच कारणासाठी. तपासणीचे संच विकणाऱ्याला संबंध दाखवणारा अभ्यास पुरतो, औषध विकणाऱ्याला आपले औषध दुसऱ्यापेक्षा सरस ठरवणारी चाचणी हवी असते. आकडा पाहून औषध कमी देता येते का, हे शोधण्यात दोघांचाही फायदा नाही. तो फायदा रुग्णाचा आणि खर्च उचलणाऱ्या समाजाचा आहे, म्हणून खर्चही त्यांच्याच वतीने व्हायला हवा. दरम्यान, मंजुरी देणाऱ्या यंत्रणांनी एखादी विशिष्ट पातळी गाठल्याशिवाय औषध मिळणार नाही असे नियम घालणे थांबवावे. ५० एककांची रेषा जोखमीचा अंदाज घेण्यासाठी आखलेली आहे. ४८ एकके, पण झपाट्याने घसरणारे मूत्रपिंड, अशा रुग्णाला त्या रेषेमुळे परत पाठवणे म्हणजे मोजपट्टीलाच रोग समजणे होय.

समित्यांना हा भेद करता येत नाही असे नाही. प्रत्यारोपणाच्या प्रकरणात त्यांनी तो केलेला आहे. अँटी-जीबीएम रोगाने मूत्रपिंड गमावलेल्या माणसाला, रक्तातील प्रतिपिंडे नाहीशी होऊन सहा महिने उलटेपर्यंत नवे मूत्रपिंड बसवू नये असे सांगितले जाते, कारण तेथे शिल्लक प्रतिपिंड नव्या गाळणीवर थेट जाऊन बसेल. अँकाच्या रुग्णाला मात्र, रोग सहा महिने पूर्ण शांत असेल तर, रक्तात अँका दिसतो एवढ्यावरून थांबवू नये असे केडिगोची तीच मार्गदर्शिका म्हणते. पीएलएटूआरचा रुग्ण या दोघांच्या मध्ये उभा असतो: प्रत्यारोपणाच्या वेळी प्रतिपिंडे असतील तर रोग नव्या मूत्रपिंडात परतण्याचा धोका वाढतो, पण म्हणून त्याला डायलिसिसवर ताटकळत ठेवायचे की प्रत्यारोपण करून लघवीवर आणि रक्तावर दर महिन्याला नजर ठेवायची, हे त्याच्याजवळ बसूनच ठरवावे लागते.